हात न लावलेला कागद

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दगडाला पॉलिश करायचे. स्वयंपाकाचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, दारावरच्या पाट्या. कामावरून आले की दाराबाहेरच सदरा झटकायचे, डोकं झटकायचे आणि पायपुसण्यावर इतका वेळ पाय घासायचे की मी विचारायचे, "भाऊजी, त्यालाही पॉलिश करताय का?" माणूस अतिनेटका. उसनं आणलेलं भांडं आणताना होतं त्याहून लख्ख करून परत करणार. कामाच्या शेडमध्येही रोज सुट्टीच्या आधी सगळ्या मशीनच्या जाळ्या कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं. जाळी तुंबली की मशीन गेलं, हे ते मलाही सांगायचे. मला मशीनशी काय करायचंय?

त्याच शेडमध्ये त्यांचा धाकटा भाऊ दगड कापायच्या कटरवर होता. त्याला भाऊजींनीच चिकटवलं होतं. सहा वर्षांत त्याला खोकला लागला, तो जाईना. शेडमधल्या आणखी चौघांची तीच गत. मालक म्हणायचा, हवा बदलली की होतं असं.

मग एक संशोधक बाई आल्या. कामगारांच्या श्वासात किती धूळ जाते ते त्यांना मोजायचं होतं. कमरेला छोटा पंप, कॉलरला डबी, डबीत पांढरा कागद. सहा दिवस रोज सकाळी बांधायचा, शेवटी डब्या परत. धूळ मर्यादेबाहेर निघाली तर कटरवर पाणी सोडायची आणि धूळ ओढणारे पंखे लावायची सोय करावी लागेल, हे मालकाने कबूल केलं होतं. कामगारच तयार होईनात. "गळ्यात घंटा बांधायला आम्ही काय बैल आहोत?" भाऊजींनी एकेकाला समजावलं. "खोकून सांगितलं तर कोण ऐकतंय? आकड्यात सांगितलं की ऐकावंच लागेल." बाराच्या बारा जण तयार झाले.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. आमच्यात बरं वाचता येणारी मी, म्हणून वाचून दाखवला मीच. धुळीचं प्रमाण मर्यादेच्या आत. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मालकाने रिपोर्टची प्रत फ्रेम करून फाटकाशी लावली. पंख्यांचा विषय संपला.

भाऊजींना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मानलं. त्यांच्या लेखी रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकटा म्हणाला, "दादा, मी दुसरं काम बघतो. तिथे दम कोंडतो माझा."

"हवा स्वच्छ आहे. मोजून झालंय," भाऊजी म्हणाले. "तू आधी सिगारेट सोड."

"सोडली, दादा. वर्ष झालं."

"मग चोरून ओढत असशील."

आम्ही सगळ्यांनीच ते धरून ठेवलं. मीसुद्धा त्याचा खिसा हुंगून बघितला होता एकदा, थट्टेत. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तो बिचारा कामावर जात राहिला. दोन वर्षांत जिन्याच्या चार पायऱ्या चढवेनात, मग अंथरूणच धरलं. शेवटच्या आठवड्यात भाऊजींचा हात धरून म्हणाला, "चुकलंच माझं, दादा. तुझं आधी ऐकायला हवं होतं." आणि भाऊजींनी मान हलवली. माफ केल्यासारखी.

तो गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्या बाई पुन्हा आल्या. शेडमधल्या माणसांचे एक्स-रे आणि बाईंनी मोजलेले धुळीचे आकडे जुळत नव्हते. ताईच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी विचारलं, ते सहा दिवस पंप कसे वापरले, सगळं सांगा. भाऊजींनी उत्साहाने सांगितलं. पंप कोणी काढला नाही. आपटला नाही.

"आणि कागद तर दुपारपर्यंतच राखाडी व्हायचा," ते म्हणाले. "रोज सुट्टीच्या आधी बाराही डब्या मी स्वतः साफ करायचो."

बाईंचा कप तसाच हातात राहिला. "साफ म्हणजे?"

"झाकण काढून हवा मारायची. तुम्ही म्हणाला होतात, कागदाला हात लावू नका. हात नाही हो लावला, शपथेवर सांगतो. जाळी तुंबली तर पंप ओढणार कसा?"

बाईंनी कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या की मोजायची ती त्या कागदावरचीच धूळ होती. पंप फक्त ओढायचा. पुढे म्हणाल्या, "चूक आमची आहे, दादा. आम्ही नीट समजावून सांगायला हवं होतं." मला त्यांचा संताप आला. एवढी शिकलेली माणसं, एक वाक्य जास्त बोलायला काय झालं होतं? पण भाऊजींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे धूळ होती," ते म्हणाले.

"होती."

त्यांनी चपला घातल्या आणि सरळ धाकट्याच्या घराकडे निघाले. ताई आणि मी मागोमाग. धाकट्याची बायको दारातच कपडे वाळत घालत होती. भाऊजी तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"तो खरं बोलत होता," ते म्हणाले. "सिगारेट नव्हती. शेडमधलीच धूळ होती. माझ्या हातून चूक झाली."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांचे कपडे मीच धुवायचे. रोज बादलीच्या तळाला बोटभर गाळ बसायचा."

"मग बोलली का नाहीस गं तू?"

तिने हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला, नीट केला.

"बोलले होते, दादा. तुम्ही म्हणालात, बादली काय रिपोर्ट असते का?"