पुष्पाकाकींची पुसलेली हरकत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संघटनेच्या बैठकीत नाही, घरीही नाही. पत्रकं मात्र ढीगभर लिहिली — कुठल्या साहेबाने कुठला कागद दाबला, लोकांना कुणी अंधारात ठेवलं. कागद दाबणाऱ्यांवर मी किती तुटून पडायचो, विचारू नका.

सहा वर्षं झाली. सातिवलीच्या एका कारखान्याने तीन जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, ते आम्ही गिरीजच्या वाचनालयात आणून बसवले. विंडोज त्यांच्यावर रांगायचं, म्हणून मी त्याजागी लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. आणि मग सुरू झाला वैताग. आज कुणी स्क्रीनवर नटीचा फोटो लावला, उद्या कुणी आयकॉन उडवले, परवा कुणी काहीतरी उतरवून घेतलं आणि यंत्रच बसलं. रोज संध्याकाळी सायकल हाणत जायचं आणि तेच तेच निस्तरायचं. आपण लोकांसाठी राबायचं आणि लोकांनीच वाट लावायची? शेवटी चिडून सगळं कुलूपबंद केलं. यंत्र चालू केलं की फक्त ब्राउझर आणि लिहायचं एक साधं पान. बंद केलं की वापरणाऱ्याने केलेलं सगळं पुसलं जाणार — सकाळी यंत्र कोरं. या युक्तीचा मला केवढा अभिमान.

पण तशी सूचना लावली का? नाही. 'माहिती हा लोकांचा हक्क' हे भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ लिहायला मला काय धाड भरली होती?

पुष्पाकाकींची वाडी तिथून जवळच — केळी, नारळ, थोडी भाजी. नव्या सरकारी रस्त्याच्या आखणीत त्यांची विहीर जात होती. हरकत द्यायची मुदत शुक्रवार दुपारपर्यंत. आमच्याच पत्रकात होतं — हरकत दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, स्वतः लिहा. काकींनी ते मनावर घेतलं. गुरुवारी दुपारभर एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं. विहीर कुणी खणली, उन्हाळ्यात शेजारची कुठली कुठली घरं तिथून पाणी नेतात — सगळं. प्रिंटर अडून बसलेला. उद्या सकाळी छापून देतो, असं मीच म्हणालो. संध्याकाळी सवयीने यंत्रं बंद केली, तीही मीच.

सकाळी फाइल नव्हती. काय झालं ते मला तेव्हाच कळलं. पण समोर सात-आठ माणसं पेपर वाचत बसलेली — ज्यांना मी रोज उपदेश पाजायचो. आणि मी काय बोललो?

"काकी, तुम्ही सेव्हच केलं नाहीत."

"केलं रे. तू सांगितलंस तिथंच दाबलं."

"मग दुसरीकडे दाबलं असेल."

पेपराआडून कुणीतरी म्हणालं, "काकी, आपलं खुरपं बरं. त्याला सेव्ह करावं लागत नाही." सगळे हसले. मी — मीही हसलो.

काकींनी वहीचं पान फाडलं आणि घाईघाईत चार ओळी लिहून दिल्या. शेजारची घरं त्यात राहून गेली. सुनावणीत साहेबाने नेमकं तेच विचारलं — दुसरं कुणी इथून पाणी भरतं, हे हरकतीत कुठे आहे? नव्हतंच. विहीर बुजवली.

साहेबावर मी कडक पत्रक काढलं. आणि यंत्रावरचं ते पुसणं — ते गुपचूप बंद केलं. गुपचूपच.

काकी त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. गेल्या वर्षी नातीच्या अर्जासाठी आल्या, तर दारातच उभ्या राहिल्या. "तूच कर बाबा. माझ्या हातून जातं."

मी अर्ज भरून दिला. तेव्हाही बोललो नाही.

त्यांनी बरोबर जागी दाबलं होतं. पुसलं मी.