नातीच्या कुणी न ऐकलेल्या रेकॉर्डी

सगळ्यात आधी शेजारची डोरोथी आली, नाचायचे बूट पिशवीत घालून. मागून तिच्या दोन मैत्रिणी. चहा नको म्हणाल्या, चकल्या मात्र संपवल्या!

बायांनो, आमची नात रिया डीजे आहे. या तिघींच्या नाचाच्या क्लबात डेट्रॉइटची जुनी सोल गाणी, म्हणजे इकडच्या काळ्या गायकांची नाचायची गाणी, लावायचं काम मिळावं, म्हणून आज आमच्या गराजमध्ये तिची परीक्षा होती. पोरीने लावल्या कुणी न ऐकलेल्या रेकॉर्डी, वर्षभर धुंडाळलेल्या. एक पाय हलेना. डोरोथीने पर्स उचलली. माझा जीव नुसता तळमळत होता.

मी रियाच्या कानात म्हटलं, "अगं, भजनात आम्ही आधी सगळ्यांना येणारा अभंग घेतो. टाळ्या जमल्या की मग नवा."

"आजी, ओळखीची तर सगळेच लावतात!" डोळे भरलेले तिचे.

"लाव गं बाई, त्या निघाल्या!"

लावलं तिने एक ओळखीचं गाणं. दारातून तिघी मागे फिरल्या आणि नाचायला लागल्या. तेवढ्यात हिने न थांबता त्या न ऐकलेल्यांतलं एक नवं जोडलं! मी डोळेच मिटले. उघडून बघते तर पाय चालूच.

चुकलं का हो माझं? काम अजून दिलेलं नाही. पण शुक्रवारी परत येतो म्हणाल्या, आणि ते नवंच आधी लाव म्हणाल्या.