उंबऱ्यावरची मोगरी

आमच्या ग्रामपंचायतीत चार वस्त्या होत्या: आगरी आळी, कोळीवाडा, मुसलमानांचा मोहल्ला आणि बौद्धवाडी. गाव तळवलीच्या पुढे, खाडीला लागून. प्रत्येक वस्तीची पंगत वेगळी, पाणवठा वेगळा. सगळ्यांची मिळून गोष्ट एकच, ती म्हणजे खाडीवरचा बांध आणि त्यातली उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला त्याच्या सात फळ्या उचलून आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या पुन्हा खाचेत बसवायच्या. फळ्या पाण्याने फुगलेल्या असत. लाकडी मोगरीने ठोकल्याशिवाय त्या खाली जात नसत.

मोगरी एकच होती. चौऱ्याण्णव उंबरे, प्रत्येकाकडे एक दिवस. सकाळी पाळी संपली की मोगरी पुढच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि न बोलता निघून यायचं. ती ज्याच्या उंबऱ्यावर, आज पाळी त्याची. कोणी आठवण करत नसे, कोणी विचारत नसे.

नव्वदच्या दशकात पंचायत गेली आणि महापालिका आली. पंचायतीच्या कचेरीला कुलूप लागलं. जमिनी तर आधीच संपादनात गेल्या होत्या. मोगरी मात्र फिरत राहिली, कारण भरती काही थांबली नव्हती.

मी आगरी आळीतला, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. मोजणं हेच माझं काम. पाळीही मी मोजूनच ठेवायचो. मागच्या पाळीच्या तारखेत चौऱ्याण्णव दिवस मिळवायचे आणि कॅलेंडरवर खूण करायची. एका वर्षी श्रावणातल्या अमावास्येला मी घरी होतो आणि खूण दुसऱ्या दिवसावर होती.

सकाळी बायको म्हणाली, "अहो, उंबऱ्यावर मोगरी आहे."

"आपली उद्या आहे. आत ठेव."

"मग आज कशाला कोण ठेवील?"

"आणून टाकली असेल लवकर. कॅलेंडर बघ ना."

तिने कॅलेंडर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुमचं गाव, तुमचं गणित," म्हणाली आणि मोगरी कणगीमागे ठेवली. ती घाटावरची होती, लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी चहा घेतला, पेपर वाचला.

पावणेअकराला मोहल्ल्यातले चाचा दारात आले. वय सत्तरीचं, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"पाटंच्या ओहोटीला उचललेल्या फल्या तशाच हायेत, उघाडी सताड उगडी हाय, बाला. मोगरी कोनाकडं हाय?"

"आज शेजारच्यांची पाळी."

"त्यांच्या दाराला कुलूप हाय. कोपरखैरन्याला गेले नाय ते, फ्लॅटमदी? पाळी तुज्यावर आली."

शेजाऱ्यांचं कपाट टेम्पोत चढवायला मीच हात लावला होता. चौऱ्याण्णवातला एक उंबरा गेला होता आणि मी तो वजा केला नव्हता. अमावास्येची भरती बाराच्या सुमारास पुरी होते, हे मात्र मला पाठ होतं. सव्वा तास उरला होता. मी कणगीमागून मोगरी ओढून काढली आणि चाचांबरोबर धावत सुटलो.

बांधापर्यंत चारशे पावलं. एरवी मी ती मोजत असे, त्या दिवशी फक्त आवाज ऐकला. पाणी उघाडीतून आत कोसळत होतं. बांधाच्या आत, सगळ्यात खोलगट जागेवर बौद्धवाडी, बावीस घरं. पहिलं घर सुईण मावशीचं. मी जन्मलो तो तिच्याच हातांवर. गुडघे गेल्यापासून ती काठीशिवाय उंबरा ओलांडत नसे आणि दुपारपर्यंत घरात एकटीच असे. गढूळ पाण्याची कड तिच्या अंगणाकडे सरकताना मला वरून दिसत होती. मी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही.

पहिली फळी लावली ती धारेने आडवी फेकून दिली. चाचा कमरेइतक्या पाण्यात उतरले, पाठ लावून त्यांनी फळी दाबून धरली. "ठोक," एवढंच म्हणाले. वयाने ते माझ्या बापाच्या बरोबरीचे. पाय सुटला असता तर दारातून आत ओढले गेले असते. मी ठोकत होतो आणि त्यांच्या पायांकडे बघत होतो. पाच फळ्या बसल्या. उरलेल्या दोन पाण्याने शेतात वाहून नेल्या होत्या. पाचवीच्या वरून दोन वीत जाड धार चालूच राहिली. बौद्धवाडीतली माणसं मातीची पोती घेऊन धावत आली, तेव्हा कुठे ती अडली.

भरती उलटल्यावर मी खाली गेलो. मावशी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. पाणी खाटेखाली चार बोटं. बावीसपैकी सहा घरांत पाणी शिरलं होतं. जीव कुणाचा गेला नाही. पण वाडीची विहीर खाऱ्या पाण्याखाली गेली होती.

मला कोणी काही विचारलं नाही. रात्रीच्या भरतीला मी उघाडीवर बसून राहिलो. शेतातून शोधून आणलेल्या दोन धरून सातही फळ्या ठोकून झाल्या होत्या, तरी दर थोड्या वेळाने हात लावून बघत होतो. पुढची पाळी मावशीच्याच घराची होती, तिचा मुलगा जायचा. सकाळी मी मोगरी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. रिवाजाप्रमाणे मागे फिरायचं होतं. फिरलो नाही.

"मावशी, काल पाळी माझी होती."

"म्हाईत हाय," ती आतून म्हणाली. "मोगरी तुज्याच हातात व्हती ना. आता पेयाचं पानी कुटनं आनायचं, त्ये सांग."

"आमच्या विहिरीवरनं."

शब्द निघून गेला आणि मग मला भीती वाटली, आदल्या दिवशीपेक्षा वेगळी. कागदावर ती विहीर पंचायतीची, म्हणजे सगळ्यांचीच होती. पण माझ्या पाहण्यात बौद्धवाडीची घागर तिथे कधी बुडली नव्हती.

वाडीतल्या बाया संध्याकाळी आल्या. बायकोने पहिला पोहरा ओढून दिला. मी काठावर उभा होतो. त्यांची विहीर दोनदा उपसून पाणी गोडं व्हायला अकरा दिवस लागले. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, अकराही दिवस मी तिथे उभा राहिलो. आळीतल्या चार घरांनी त्या वेळेला पाण्याला येणं बंद केलं. त्यातलं एक माझ्या सख्ख्या काकांचं होतं.