न तपासलेले चार हात

जगातला प्रत्येक दुकानदार सकाळी आंघोळ करून दुकान उघडतो तो आपल्यालाच फसवायला, यावर आमच्या दाजींइतकी गाढ श्रद्धा मी दुसऱ्या कुणाचीही पाहिली नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार नांदेड. त्यांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे. पितळी तोटी घ्यायची झाली की आधी तिला चुंबक लावायचं. चिकटलं तर आत लोखंड, दुकानदार चोर. नाही चिकटलं तरी दुकानदार चोरच, फक्त हुशार! खिळा दगडावर ठोकून बघायचा, बिजागरी कानाशी नेऊन कुरकुरते का ते ऐकायचं. नांदेडात असताना म्हणायचे, "खरा माल लातूरला." लातूरला आले की म्हणायचे, "नांदेडला असलं न्हाई चालत." नांदेडहून येताना एसटी चाकूरला थांबली की खाली उतरून चाकांचे नट हलवून बघत. कंडक्टर कावून ओरडायचा, "मामा, बसा आता, गाडी सरकारची हाय!" त्यावर दाजी शांतपणे म्हणत, "म्हणूनच बघून राहिलो."

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, गल्लोगल्ली हार्डवेअरची दुकानं निघाली, आणि पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नाही. त्यातच आमच्या घरी मुलगी झाली. सासूबाई नव्हत्या, म्हणून बाळंतपण करायला बायकोची थोरली बहीण, अक्का, नांदेडहून आली आणि सामान सांभाळायला म्हणून दाजीही आले. टँकरचा नेम नव्हता. गल्लीतल्या विहिरीत रात्रभर जे काय पाझरेल ते दिवस वर येईस्तोवर संपायचं. त्यात आमचा जुना दोर पाण्याला पुरेना झाला. बाळंतिणीच्या घरात पाणी नाही म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. दोर आणायचं काम दाजींनी अंगावर घेतलं. मी मनात म्हटलं, झालं!

दाजींनी सुतळीला दगड बांधून विहीर मापली आणि आम्ही चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदार माप ऐकून म्हणाला, "काका, पाणी रोज खाली चाललंय. चार हात जास्तीचा घ्या." बाहेर येताच दाजी माझ्या कानाशी लागले, "बघितलं मास्तर? पाण्याच्या नावानं दोर खपवून राहिला. नवा जिल्हा, नवे चोर!" दोर मापाबरहुकूम घेतला. मग सुरू झाली तपासणी. नायलॉन खरं का खोटं ते बघायला एक तुकडा कापून जाळला. एक मिठाच्या पाण्यात भिजत घातला. बाजारातल्या बाकीच्या दुकानांत एकेक नमुना दाखवून, ठेवून आले. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, माल हलका आहे. दाजींची कळी खुलली. "ज्याला सगळे वाईट म्हणून राहिले ना, तोच माल खरा!"

दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या गल्लीसमोर दाजींनी पोहरा सोडला. दोर संपला आणि पोहरा पाण्याच्या वर अधांतरी लोंबत राहिला. जेवढा दोर तपासण्यात गेला होता तेवढंच अंतर, आणि वर रात्रीतून खाली गेलेलं पाणी. लोक हसले. मी म्हटलं, शेजाऱ्यांचा दोर मागू. दाजी म्हणाले, "दुसऱ्याच्या दोराचा काय भरवसा?" एवढ्यात घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ अक्काची हाक, "पाणी आणता का न्हाई?" दाजींचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सरळ कमरेचं धोतर सोडलं आणि दोराच्या टोकाला बांधलं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभे राहून त्या माणसानं आमची घागर, बादल्या, पातेली, सगळं भरलं. कुणीतरी ओरडलं, "काका, धोतर तपासलं का?" दाजी मागे न बघता म्हणाले, "हाव! नांदेडचं हाय, विकणाऱ्याला रडवून घेतलंय."

दुकान उघडल्यावर आम्ही गेलो. गल्ल्यामागून दुकानदारानं दोराचं एक वेटोळं काढून पुढे ठेवलं. "तुमचे चार हात, काका. कालच कापून ठेवले होते." मी चुंबकाची, काडेपेटीची वाट बघत राहिलो. दाजींनी वेटोळं उचललं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. वाटेत एवढंच म्हणाले, "पोरीला अंघोळ घालायची हाय, मास्तर."

आयुष्यात त्यांनी न तपासता घेतलेली तेवढीच एक वस्तू. ती त्यांना शेवटपर्यंत सलत राहिली. पुढे नळ आले, विहीर बुजली, ते चार हात जोडलेला तो दोर परसातल्या खुंटीवर गेला. पण दाजी आले की पाणी प्यायच्या आधी परसात जाऊन ती जोडाची गाठ दोन्ही हातांनी ओढून बघत आणि म्हणत, "अजून तरी तुटला न्हाई. पण भरवसा न्हाई."

दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. असा संशयी माणूस पुन्हा भेटला नाही, आणि इतका जीव लावणाराही. परवा आमची तीच मुलगी बाळंतपण आटोपून सासरी निघाली. बाळाला कडेवर घेऊन आधी परसात गेली, एका हातानं गाठ ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, अजून तरी तुटला न्हाई."

पुढचं वाक्य मी म्हणायचं होतं. मी पुढे होऊन ती गाठ दोन्ही हातांनी ओढून बघितली.