गोठ्यात दोन गायी आणि कपात कोरा चहा

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. चोर-दरोडेखोरांनी मला कधी छळलं नाही इतकं साक्री तालुक्यातल्या एका गावच्या न लागलेल्या दह्याने छळलं.

तिथे बचत गटाच्या बायका डेअरीचं दूध घेऊन आठवडे बाजारासाठी दही लावत. दोन दिवस दही लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, डेअरीवर दूध मोजून घेणारे नाना कॅनमध्ये पांढरी पावडर टाकतात म्हणून. मागोमाग डेअरीचे अध्यक्ष आबा नानांची गचांडी धरून हजर, पाठीशी निम्मं गाव. "गुन्हा दाखल करा, याला आजच कामावरून काढतो." मी म्हटलं, ते दूध दाखवा. रागाच्या भरात यांनी ते गटारात ओतलं होतं! आता पंचनामा काय गटाराचा करायचा?

पावडर कॅन धुण्याचा सोडा निघाली. तरी मी नानांवर दोन तास खेकसलो. ते एकच सांगत राहिले, "दूध फाटनं नई साहेब, नुस्तं इरजन लागनं नई." मी ऐकून सोडून दिलं.

मग जबाब घ्यायला आबांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी अक्कांनी चहा दिला, तो कोरा. गोठ्यात दोन दुभत्या गायी आणि चहा कोरा?

"दोन्ही गायीस्ले सुई टोचेल शे," अक्का म्हणाल्या. "कास सुजेल शे. ते दूध नातूले कसं देऊत?"

"मग जातं कुठं?"

"डेअरीमा. फेकी देऊत का? पाप लागस."

आबा ओशाळले तर नाहीतच. म्हणाले, "बठ्ठा गावच देस, साहेब." म्हणजे सगळं गावच असलं दूध डेअरीला घालत होतं.

मी कपाळावर हात मारला. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुईतलं औषध दुधात उतरतं आणि विरजण लागू देत नाही. बाटलीवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचंच नसतं.

"थोडं असलं तर चालतं का?" मी विचारलं.

"मर्यादा ठरलेली आहे, तिच्या आत धोका मानत नाहीत. एका गायीचं दूध मोठ्या कॅनमध्ये खपूनही जाईल. पण सगळ्यांनीच ओतलं तर? आणि त्या दिवशीचा नमुना कुठाय?"

नमुना गटारात. तिथे ओतताना मात्र कुणाला पाप लागलं नव्हतं. शेवटी आबांच्या गायींच्या दुधाचा नमुना तपासणीला पाठवला. औषध मर्यादेच्या बरंच वर निघालं.

नाना कामावर राहिले. डेअरीच्या समितीने पोलिसांच्या आभाराचा ठराव केला. नानांची माफी कुणी मागितली नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

माणूस दुसऱ्याला काय देतो हे त्याला विचारून कळत नाही, तो स्वतःच्या घरी काय वापरतो ते बघावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. नाना तर माझ्याही पुढे गेले. बदलीआधी एका सकाळी डेअरीवर थांबलो होतो. आबा कॅन घेऊन आले. झाकण उघडण्याआधी नानांनी शांतपणे विचारलं, "आबा, आज घरमा चहा कोरा व्हता का दूधना?"

आबा कॅन उचलून घरी घेऊन गेले.