चाळीस दिवस आणि काचेचा पूल

फोन लॉकरमध्ये ठेवा म्हणाले, तिथेच माझं बिनसलं.

काचेच्या पुलावर फोन चालत नाही, कॅमेरा चालत नाही, खिशातून पडेल असं काहीच चालत नाही. काचेवर चरे पडतात म्हणे. हे मी आधीच वेबसाइटवर वाचलं होतं, पण आपल्या हाताने फोन त्या लोखंडी खणात ठेवून दार लावायची वेळ आली तेव्हा हात रेंगाळला. एकदा ठेवला, परत काढला, स्क्रीन बघितली, परत ठेवला. मागे रांग खोळंबली होती. बायको म्हणाली, "अरे, अर्ध्या तासात काय होणारे? लाव ते दार."

त्या दिवशी व्हिसा बुलेटिन येणं अपेक्षित होतं.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही, ते सुखी लोक. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या आम्हा भारतीयांची ग्रीन कार्डासाठी एक लांबलचक रांग आहे. रांगेतला आपला नंबर म्हणजे एक तारीख, कंपनीने आपली फाइल सुरू केली त्या दिवसाची. दर महिन्याला सरकार एक तक्ता काढतं आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते कळवतं. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे जाते. हा तक्ता मी मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून बघितला आहे, डेंटिस्टच्या खुर्चीत बघितला आहे आणि डॅलसमधल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, हातात अक्षता घेऊनही बघितला आहे.

आणि आता आमच्याकडे चाळीस दिवस उरले होते. चाळीस दिवसांनी आमची मुलगी एकवीस वर्षांची होणार होती. एकवीस पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या फाइलमधून बाहेर पडतं. माझ्या कडेवर बसून या देशात आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता स्टेट कॉलेजला तिसऱ्या वर्षाला शिकत होती. तिला स्वतःचा वेगळा, परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा मागावा लागणार होता, आणि शिक्षण संपल्यावर काय, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

वाढदिवसाच्या आठवड्यात तिच्या परीक्षा होत्या, म्हणून मधल्या सुट्टीत तो आधीच साजरा करू असं ठरलं. कुठे जायचं ते तिने निवडलं. ग्रँड कॅनियनच्या पश्चिमेच्या टोकाला, तिथल्या आदिवासी जमातीच्या जमिनीवर, कड्याच्या बाहेर घोड्याच्या नालेसारखा काढलेला काचेचा पूल. मला उंचीची भीती वाटते हे तिला पक्कं ठाऊक आहे. "बाबा, यू आर कमिंग," तिने फोनवर बजावलं होतं.

वेगासहून सकाळी निघालो. वाळवंटातला सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना ती काटेरी, हात वर केल्यासारखी झाडं. मागच्या सीटवर मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन एक पत्र लिहीत होती. वकीलबाईंनी सांगितलं होतं, विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाला एक पत्र जोडा: शिक्षण झाल्यावर मी माझ्या देशात परत जाईन, माझं घर आणि माझी माणसं तिथे आहेत. अर्ज पुढच्या आठवड्यात पाठवायचा होता. तारीख सरकेल, सरकेल म्हणत आम्हीच तो शेवटपर्यंत ताणला होता.

"बाबा, माझा परमनंट ॲड्रेस काय टाकू? होम कंट्रीमधला."

मी नागपूरच्या माझ्या भावाचा पत्ता सांगितला. फ्लॅट नंबर, गल्ली, जुन्या पिठाच्या गिरणीजवळ.

"गिरणी इज व्हॉट?"

"जिथे गहू दळून आणतात."

"लाइक, आपण स्वतः नेतो?"

"हो. डब्यात घालून."

ती टाइप करत राहिली. नागपूरला ती शेवटची गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. तीन आठवडे राहिली, त्यातले दोन पोट बिघडलेलं. त्यानंतर, गेलो आणि परत येताना व्हिसाचा शिक्काच मिळाला नाही तर, या धास्तीने आम्ही गेलोच नाही.

मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो. बायकोने दोनदा हात ठेवून ती थांबवली. तिला कारण माहीत होतं. त्या पत्रावर मुलीने सही करण्याआधी मला तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला मी सोळा वर्षं उशीर केला होता.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोला येण्याआधी आम्ही शिकागोत होतो, डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारापासून बसने दहा मिनिटांवर. मुलगी पाच वर्षांची असताना तिथल्या कंपनीने माझी फाइल सुरू केली होती. फार तर आठ महिन्यांचं काम उरलं होतं. ते झालं असतं तर रांगेतली ती तारीख कायमची माझी झाली असती, मग कुठेही नोकरी करा. तेवढ्यात टेक्सासहून ऑफर आली. मोठं पद, मोठं घर. बायको म्हणाली, "पेपर होऊ दे, मग जाऊ. आठच महिने आहेत." मी म्हणालो, "तू उगाच घाबरतेस, नवी कंपनी सहा महिन्यांत सगळं करून देईल." सगळं कळतं असं वाटायचं ते वय होतं. नव्या कंपनीने आज करू, उद्या करू करत फाइल सुरू केली तेव्हा मुलगी दहा वर्षांची झाली होती. शिकागोत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, माझ्याच महिन्यात फाइल सुरू झालेला माणूस आता मतदान करतो.

मुलीला वाटत होतं, दोष सरकारचा आहे. मैत्रिणींनाही ती तसंच सांगायची. मी ऐकायचो आणि मान डोलवायचो. बायकोने या सगळ्या वर्षांत एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, आणि त्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

पुलाच्या दारात त्या जमातीच्या एक वयस्क बाई बुटांवर चढवायचे कापडी मोजे वाटत होत्या. प्रत्येकाला विचारत होत्या, कुठून आलात. आमच्या पुढचं कुटुंब ओहायोचं निघालं. मुलीची पाळी आली. एरवी ती पटकन टेक्सास म्हणते. त्या दिवशी हातातले मोजे चाचपत क्षणभर थांबली, मग म्हणाली, "टेक्सास. फॉर नाऊ." बाई हसल्या आणि म्हणाल्या, वाऱ्याला जपा, टोपी सांभाळा.

पुलावर पाऊल टाकलं. काचेच्या दोन्ही कडांना लोखंडाचा पट्टा आहे. मी तो धरला आणि कठड्याला हात घासत, पाली सरकतात तसा सरकू लागलो. खाली बघितलं नाही, तरी खालचं दिसतच होतं. तांबडे खडक, त्यांच्या खाली आणखी तांबडे खडक, आणि बऱ्याच खाली एक कावळा उडत होता. आपण वर आणि कावळा खाली, हे काही बरोबर नाही असं मला ठाम वाटलं. खिशात फोन नव्हता, तरी हात दर मिनिटाला खिशाकडे जात होता. बायको तोंडाने काहीतरी पुटपुटत झपाझप पुढे गेली आणि पलीकडच्या टोकाला उभी राहिली.

मुलगी मधोमध काचेवर मांडी घालून बसली होती. "बाबा, कम हिअर. मिडलला ये."

"मी इथेच बरा आहे."

"यू प्रॉमिस्ड."

गेलो. कसा ते विचारू नका. तिच्याशेजारी बसलो आणि डोळे तिच्या मोज्यांवर ठेवले. इथे सांगितलं नाही तर आपण कधीच सांगणार नाही हे मला कळत होतं. रस्त्यात सांगता आलं असतं, हॉटेलात सांगता आलं असतं. पण तिथे फोन होता, आणि फोन असला की मी त्याच्यामागे लपतो.

"बेटा, तुझा नंबर सरकारने घालवला नाही. मी घालवला."

मग सगळं सांगितलं. आठ महिने, ऑफर, आई काय म्हणाली, मी काय म्हणालो. मध्ये वारा आला की आवाज चढवावा लागत होता, त्यामुळे कबुलीजबाब ओरडून दिल्यासारखा झाला. एक जोडपं आमच्याकडे बघत बाजूने निघून गेलं.

तिने काचेतून खाली बघितलं. मग म्हणाली, "शिकागो सोडताना मी रडले होते ना? आय रिमेंबर अ स्टेअरकेस."

"हो. जिन्यात बसून राहिली होतीस. उठायला तयार नव्हतीस."

"आणि तू काय म्हणालास?"

ते मला स्पष्ट आठवत होतं. आठवत नाही म्हणावंसं वाटलं, पण खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती. "म्हणालो, तुझ्यासाठीच चाललोय. तुला स्वतःची खोली मिळेल."

"पर्पल रूम."

"पर्पल रूम."

ती उठली आणि एकटीच चालत गेली. काचेच्या मधोमध, सरळ, कठड्याला हात न लावता. मी तिथेच बसून राहिलो. मला उठता येईना. भीतीने की शरमेने ते सांगता येणार नाही, दोन्ही असावीत. शेवटी बायको परत आली, तिने हात दिला, "चल," म्हणाली, आणि मला लहान पोरासारखं धरून बाहेर आणलं. वाटेत मी तिला म्हटलं, "सांगितलं." ती म्हणाली, "दिसलं."

लॉकर उघडला. इतका वेळ ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो तक्ता आला होता. आमच्या रकान्यातली तारीख एक दिवसही हलली नव्हती. मी फोन बायकोला दाखवला. तिने बघितला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

परतीचा रस्ता धरला. मुलगी मागे लॅपटॉप उघडून बसली होती. आरशात तिचा चेहरा दिसत होता, डोळे लाल होते. मला गाडी थांबवावीशी वाटत होती, वेग वाढवावासा वाटत होता, तिने मला चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. त्या काटेरी झाडांचा पट्टा संपला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आय ॲम सो मॅड ॲट यू."

"हो बेटा."

"पण आत्ता नाही. आत्ता मला हे लेटर फिनिश करायचंय. नेक्स्ट वीक पाठवायचंय ना. नंतर नीट भांडणार आहे मी तुझ्याशी. लाइक, प्रॉपरली. तासभर."

"भांड. केव्हाही भांड."

"फोन करीन."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कुठून करशील?"

तिने वर बघितलं नाही. बोटं चालूच होती.

"लिहिलंय ना इथे," ती म्हणाली. "गिरणीजवळून."