फ्रिजमधले हार

त्या संशोधक बाईंचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही ते एकदा सत्काराच्या फलकावर लिहिलं, तेवढं पुरे झालं.

खापर गावाजवळच्या ज्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो, तिथे त्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या कामासाठी आल्या होत्या. पहाडातली बाई बाळंत झाली की नाळेतलं रक्त त्या पिशवीत घेत, कारण त्यात मूळपेशी असतात. मग नाळ नीट पुसून, दोन्ही हातांनी बाळाच्या आजीला परत देत. पहाडात नाळ घरापाशी पुरतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. म्हणून बायका त्यांना नाही म्हणत नसत.

मे महिन्यात मोठ्या साहेबांनी त्यांचा सत्कार केला. तो आटोपल्यावर बाई लॅबमध्ये आल्या आणि त्यांनी फ्रिज उघडला. आत झेंडूच्या पाकळ्या सांडल्या होत्या. रक्ताच्या तीन पिशव्या खिडकीत उन्हात पडल्या होत्या.

"हार सुकी जातस म्हनीसन पिशव्या बाहेर काढ्यात, मॅडम," हेडक्लार्क म्हणाला. "दोन तासनी तर गोट शे."

गळ्यातला हार बाईंनी काढला आणि फ्रिजच्या मुठीला अडकवला.

"बोटातलं रक्त मी पुन्हा मागितलं असतं," त्या म्हणाल्या. "नाळ पुन्हा कुठून मागू?"

त्या क्लार्कला मी अजून शिव्या घालतो. पण फ्रिजची किल्ली माझ्या खिशात असायची. त्या दिवशी ती मीच त्याला दिली, आणि सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.